ओकोबोजी आणि ते 'जगातलं तिसरं निळं तळं'

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वेस्ट ओकोबोजी तळ्यावर गेलात की कोणीतरी सांगतंच, जगात निळ्या पाण्याची फक्त 3 तळी आहेत, स्वित्झर्लंडचं जिनिव्हा, कॅनडातलं लेक लुईस आणि हे. किती वर्षं चाललंय हे! सॉरी, पण असं काही नाहीये. मुळात 'निळ्या पाण्याचं तळं' असा शास्त्रात कुठला प्रकारच नाही, त्यामुळे यादी कोण करणार? आणि केलीच तर ओरेगॉनचं क्रेटर लेक, सैबेरियातलं बैकल हे कुठे गेले? गंमत म्हणजे लेक लुईस तर धड निळंही नाही, हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठाने ते हिरवट-फिरोजी दिसतं.

ओकोबोजी निळं दिसतं कारण ते खोल आहे, 136 फूट, आयोवातलं सगळ्यात खोल नैसर्गिक तळं. पाणी स्वच्छ असलं की उजेडातला लाल भाग पाणीच गिळतं, निळा परत आपल्याकडे येतो, बस्स एवढंच. अर्नोल्ड्स पार्क गावाजवळच्या पुलावर ऑगस्टमध्ये उभं राहून बघा, पश्चिमेला निळं पाणी आणि पूर्वेला ईस्ट ओकोबोजी, दोन्ही एकमेकांना जोडलेली, पण ईस्ट ओकोबोजी उथळ, शेतातलं खत वाहून आलं की शेवाळाने हिरवंगार होतं.

आणि हो, वेस्ट ओकोबोजी राज्यातलं सगळ्यात मोठं तळंही नाही, तो मान नैसर्गिक तळ्यांत शेजारच्या स्पिरिट लेकचा, आणि धरणांचे जलाशयही धरले तर दे मॉइन नदीवरच्या रेड रॉक जलाशयाचा.