पाय धुणारे पोप फ्रान्सिस पहिले नव्हेत

पवित्र गुरुवार (ईस्टरच्या आधीचा गुरुवार) आला की तोच फोटो फिरतो: कैद्याच्या पायाशी गुडघे टेकलेले पोप फ्रान्सिस, खाली ‘पाय धुणारे पहिलेच पोप’. पहिले मुळीच नव्हेत. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. त्यांच्यातला पेत्र तर आधी साफ नकारच देतो. त्या आठवणीचा हा विधी शतकानुशतके चालत आलाय. फ्रान्सिस यांच्या आधीचे पोप जॉन पॉल दुसरे, बेनेडिक्ट सोळावे, दोघेही तो करत. फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये तो रोमच्या बालसुधारगृहात नेला आणि दोन मुलींचेही पाय धुतले. नियमात तेव्हा फक्त पुरुषांचेच पाय धुणं होतं. नियम बदलला २०१६ मध्ये! पाय धुणं म्हणजे अधिकार सोडणं, हाही गैरसमजच. त्याच अध्यायात येशू सांगतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे.