'थोडंसंच दिलं' म्हणजे ऑपरेशन पुढे ढकललं: कुत्र्या-मांजराला नसबंदीला आणण्याआधी वाचा

आमच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांची नसबंदी कमी पैशांत होते. तारीख देताना आम्ही प्रत्येकाला सांगतो की आदल्या रात्री 10 नंतर जनावराला खायला काही देऊ नका. सकाळी भूल देण्याआधी पुन्हा विचारतो, तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतं, "काही नाही दिलं. म्हणजे, थोडंसंच." त्या थोडंसंचपायी ऑपरेशन रद्द होतं, तुमची रजा फुकट जाते आणि यादीत ताटकळत असलेल्या दुसऱ्या कुणाला मिळाली असती ती वेळ वाया जाते.

आम्ही एवढे अडून का बसतो? भूल चढली की गिळणं आणि खोकणं, दोन्ही बंद पडतं. पोटातलं अन्न उलटून घशाशी आलं तर ते श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं. त्यातून न्यूमोनिया होतो, प्रसंगी जीव जातो. दोन घास खाल्ले की पोटभर, याने फारसा फरक पडत नाही. दूधही अन्नातच धरा. पोटात गेल्यावर ते फाटून घट्ट होतं.

बऱ्याचदा चूक आणणाऱ्याची नसतेच. आजोबा पहाटे उठतात, मांजर पायात घुटमळतं, सवयीने वाटीत दूध पडतं. आणणाऱ्याला पत्ता नसतो आणि आम्हाला कळतं ते पिंजऱ्यातल्या टॉवेलवर ओकारी दिसल्यावर. म्हणून रात्रीच वाटी धुऊन वर ठेवून द्या आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा. मांजर रात्री घरात कोंडून ठेवा, कारण बाहेर फिरून आलेली मांजर कुणाकडे जेवून आली हे सांगत नाही. पाणी मात्र सकाळी निघेपर्यंत चालेल.

चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर हा नियम लावू नका. इतकी लहान पिल्लं रात्रभर उपाशी राहिली तर त्यांच्या रक्तातली साखर उतरते. त्यांच्या शेवटच्या खाण्याची वेळ आम्ही वेगळी सांगतो. मधुमेह असलेल्या किंवा रोजचं औषध चालू असलेल्या जनावराबद्दलही आधी विचारा.

चुकून खाल्लंच असेल तर सरळ सांगा. आम्ही रागवत नाही, पुढची तारीख देतो आणि त्याचे जादा पैसे घेत नाही. फक्त लपवू नका.

"एवढ्या कमी पैशांत कसं परवडतं?" हेही रोज विचारलं जातं, थोडं संशयानेच. आम्ही ठरावीक दिवशी सलग नसबंदीचीच ऑपरेशनं करतो. हात बसलेला असतो, चीर लहान राहते, वेळ कमी लागतो आणि बहुतेक जनावरं संध्याकाळी घरी जातात. प्रत्येकासाठी निर्जंतुक केलेल्या अवजारांचा वेगळा संच असतो आणि वेदनाशामक इंजेक्शन दरातच धरलेलं आहे. खर्च वाचतो तो वेळापत्रकामुळे. म्हणूनच वेळेच्या बाबतीत आम्ही जरा कडक वाटतो.

"एकदा पिल्लं होऊ द्यावीत का?" गरज नाही, त्याने तब्येतीला काही फायदा होत नाही. उलट नसबंदी लवकर झाली तर स्तनांच्या गाठींचा धोका घटतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. मांजर तर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाही. मोठ्या जातीच्या कुत्र्यांचं योग्य वय वेगळं असतं, त्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

कुत्री माजावर असेल तर आणण्याआधी फोन करा. त्या काळात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे तातडी नसेल तर आम्ही दोन-तीन महिने थांबतो. बोका किंवा कुत्रा असेल तर ऑपरेशननंतरही महिनाभर, हवं तर थोडं जास्तच, त्याला माद्यांपासून लांब ठेवा. तेवढे दिवस त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात. "ऑपरेशन फसलं" म्हणून येणाऱ्यांपैकी बरेच जण हेच विसरलेले असतात.

घरी गेल्यावर 10 ते 14 दिवस आंघोळ नाही, उड्या नाहीत आणि गळ्यातली कॉलर, म्हणजे टाके चाटता येऊ नयेत म्हणून घातलेलं नरसाळं, काढायची नाही. "बघवत नाही हो" म्हणून एका रात्रीपुरती काढलेली कॉलर आणि सकाळी चाटून उकललेले टाके, हे आम्ही पुष्कळदा पाहिलंय. टाके पुन्हा घालायचे तर पुन्हा भूल, पुन्हा खर्च.

घरात दोन जनावरं असतील तर दोघांची तारीख एकाच दिवशी घ्या. वाटी वर ठेवायची रात्र एकदाच काढावी लागेल.