नारू

नारू : पिण्याच्या पाण्यातून होणारा कृमिरोग, आणि त्या रोगाचा कृमीही. ‘नारू झाला’ म्हणजे रोग, ‘नारू निघाला’ म्हणजे कृमी.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘स्नायु’, म्हणजे शीर किंवा कंडरा. पालीत त्याचे ‘नहारु’ झाले, प्राकृतात ‘ण्हारु’. ‘स्नान’चे ‘न्हाण’ होताना ‘ह’ राहिला. नारूत तो गळाला, हिंदी ‘नहरुआ’त मात्र टिकला. आयुर्वेदात रोगाचे नाव ‘स्नायुक’. (गावगाड्यातल्या ‘कारू-नारू’मधला नारू निराळा, त्याचा रोगाशी संबंध जोडू नये.)

नाव स्नायूवरून पडले ते दिसण्यावरून. मादी ६० ते १०० सेंमी लांब, जेमतेम २ मिमी जाड, पांढरीशुभ्र. घोट्याजवळच्या फोडातून डोकावते तेव्हा शरीरातलीच शीर सुटून आल्यासारखी वाटते. युनानी वैद्यकातही ती ‘इर्क-ए-मदनी’, म्हणजे मदिनेची शीर. फारसीत नुसता ‘रिश्ता’, धागा. ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस या शास्त्रीय नावात मदिना आजही आहे.

मराठवाड्यात नारूची वाट बारवेच्या पायऱ्यांवरून जाई. फोडाची आग शमवायला किंवा घागर बुडवायला रोगी पाण्यात उतरला की फोड फुटून हजारो अळ्या सुटतात. त्या सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जलचर गिळतात आणि ते पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातात. नारू बाहेर यायला साधारण वर्ष लागते, म्हणून दोष गेल्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा आहे हे कोणाच्या ध्यानात येत नसे. पोहऱ्याने शेंदायच्या आडात कोणी पाय घालत नाही. तिथे हे चक्र तुटते.

नारूवर औषध नाही, लसही नाही. टोक काडीला गुंडाळून रोज थोडे थोडे, काही सेंटिमीटरच ओढायचे. पुरता निघायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. घाई केली की तो तुटतो, आत राहिलेल्या भागाने पाय सुजतो, पू होतो, सांधा धरतो. खरा उपाय पाण्यावरच : दाट विणीच्या फडक्याने गाळणे, सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस हे रसायन टाकणे, पायविहिरीऐवजी हापसा. हापशाच्या इतिहासातही मराठवाडा आहे. इंडिया मार्क-२ या देशभर पसरलेल्या हापशाच्या आधीच्या पंपांत ‘जालना पंप’ येतो.

१९८४ मध्ये देशात सुमारे ४० हजार रोगी नोंदले गेले. महाराष्ट्र सात बाधित राज्यांपैकी एक होता. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला.