ट्रकचं चाक मध्यावर कोण धरतं? बॅलन्सिंगमागची पार्श्वभूमी

ट्रकच्या पुढच्या चाकाचं बॅलन्सिंग केलं, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा असमतोल घालवला, यंत्राने दोन्ही बाजूंना शून्य दाखवलं, तरी गाडी साठ-सत्तरला गेली की स्टीयरिंग थरथरतंच. टायरच्या दुकानांत ही तक्रार जुनी आहे. दोष कधी टायरवर ढकलला जातो, कधी यंत्रावर. यंत्रावर चाक ज्या भागाने मध्यावर बसवलं, गाडीवरही ते त्याच भागाने बसतं का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. याचं उत्तर चाकागणिक बदलतं, आणि का बदलतं ते कळायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या बऱ्याच लॉऱ्यांना आजच्यासारखी डिस्क, म्हणजे रिमच्या आतली तबकडी, नव्हती. हब, म्हणजे आसाच्या टोकाचा फिरता भाग, आणि त्यातून निघालेले पाच-सहा जाड आरे हे ओतीव धातूचं एकच अंग असे. त्यावर नुसती रिम चढवायची आणि पाचरीसारख्या क्लॅम्पांनी आवळायची. अमेरिकेत हे डेटन चाक म्हणून ओळखलं जाई. युरोपात स्वित्झर्लंडच्या गेओर्ग फिशर कंपनीचं ट्रायलेक्स याच जातीचं, पण तीन तुकड्यांच्या रिमचं. इथे मध्य साधणं सगळं मिस्त्रीच्या हातात. एका बाजूचा क्लॅम्प जास्त आवळला की रिम सरकलीच. म्हणून खडू किंवा लाकडी ठोकळा स्थिर धरून चाक फिरवायचं, कुठे घासतंय ते बघायचं आणि समोरासमोरचे नट थोडेथोडे आवळत जायचं. चांगला हात असेल तर चाक सरळ फिरे. अशा चाकाला वजनं लावून बॅलन्स करण्यात अर्थ नव्हता, कारण पुढच्या पंक्चरला रिम उतरली की सगळं पहिल्यापासून.

मग पत्र्याची दाबून घडवलेली डिस्क आली. अमेरिकेत ती बड कंपनीच्या नावाने इतकी रुळली की त्या बांधणीच्या चाकांना आजही तिथे बड चाकं म्हणतात. डिस्कला दहा भोकं, प्रत्येक भोकाची कड वाटीसारखी खोलगट, आणि नटाचं तोंड तिच्यात बसेल असं गोलाकार. चाक मध्यावर आणतात ते हे दहा नट. मधलं मोठं भोक केवळ हबला वाट देण्यापुरतं असतं, त्याला मोजमापाची शिस्त लागत नाही. जोडचाकांत आतल्या चाकाला टोपीसारखा वेगळा नट आणि त्याच्यावर बाहेरच्या चाकाचा नट. आतला आवळायचा तर बाहेरचा सैल केल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि घाईत हे काम टाळलं जातं, हे कुठल्याही देशातल्या क्लीनरला सांगावं लागत नाही. या पद्धतीत डाव्या बाजूच्या स्टडना, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या ज्या बोल्टांवर नट बसतात त्यांना, उलटे आटे असत. चाकाच्या फिरण्याने सैल नट आणखी सुटत जाऊ नये, म्हणून ही तजवीज.

पुढे युरोपातून दुसरी पद्धत पसरली आणि १९८०च्या दशकापासून अमेरिकेतही तिने जोर धरला. आयएसओ ४१०७ या मानकात तिची मापं आहेत. तिच्यात चाक मध्यावर धरण्याचं काम नटांकडून काढून हबकडे दिलं. हबवर घडवलेली कड किंवा उंचवटे असतात, डिस्कचं मधलं भोक त्यांच्यावर बसतं. दहा स्टडच्या अवजड चाकाला स्टडच्या वर्तुळाचा व्यास ३३५ मिमी आणि मधलं भोक २८१ मिमी. नट सपाट तोंडाचे, वॉशर जडवलेले, एम२२ म्हणजे २२ मिमीच्या स्टडच्या मापाचे, आणि दोन्ही बाजूंना सरळ आटे. नटांचं काम फक्त दाबून धरणं, म्हणून अमेरिकेत त्यांना ६१० ते ६८० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, सांगतात आणि पहिल्या ८० ते १६० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला लावतात.

मला ही दुसरी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, पण ती निर्दोष नाही. भोक हबवर चढायला हवं तर थोडी मोकळीक ठेवावीच लागते. तेवढ्या मोकळिकीत चाक स्वतःच्या वजनाने खाली लोंबतं. म्हणून हबवरचा एक उंचवटा बरोबर वर, घड्याळातल्या बाराच्या जागी आणून मगच चाक चढवावं, अशी शिकवण आहे. गंज आणि रंगाचे थर ही मोकळीक आणखी बिघडवतात. आणि दिसायला सारख्या असणाऱ्या दोन पद्धतींची डिस्क व नट यांची सरमिसळ झाली, तर बॅलन्सिंग राहू द्या, चाक गाडीवर टिकण्याचीच शाश्वती नाही.

एवढ्याशा मोकळिकीने काय होतं, ते हिशोबाने पाहावं. टायरसकट चाक १०० किलोचं धरा आणि ते मध्यापासून ०.१ मिमी सरकलंय असं समजा. २२.५ इंची रिमच्या कडेवर, म्हणजे साधारण २८६ मिमी त्रिज्येवर, हा असमतोल ३५ ग्रॅमच्या तुकड्याइतका भरतो. १ मिमी सरकलं तर ३५० ग्रॅम. ताशी ८० किमीला चाक सेकंदाला जवळपास सात फेऱ्या घेतं, आणि तो ३५० ग्रॅमचा असमतोल प्रत्येक फेरीत अठरा-एकोणीस किलोचा ओढा देतो. खरा त्रास तर याहून मोठा आहे. भार घेतलेला ट्रकचा टायर १ मिमी दबायला ऐंशी-नव्वद किलोच्या घरात जोर लागतो. चाक तेवढं वेडंवाकडं फिरत असेल, तर रस्ता दर फेरीला तितका धक्का देणार. कुठल्याही वजनाने तो जात नाही.

बॅलन्सिंगचं यंत्र या सगळ्याच्या आधीचं. कॅनडाच्या हेन्री मार्टिन्सनचं पेटंट १८७०चं. जर्मनीत फ्रान्झ लावाचेक यांचा शोध १९०७चा, आणि पुढच्याच वर्षी डार्मश्टाटच्या कार्ल शेंक कंपनीने तो हाती घेतला. तेव्हा प्रश्न फिरत्या यंत्रांच्या रोटरांचा होता. ट्रकच्या चाकाकडे लक्ष वळलं ते वेगवान महामार्ग झाल्यावर. आधी चाक गाडीवरच ठेवून, मोटरच्या ड्रमने फिरवून बॅलन्स करत. यात मध्य चुकण्याचा प्रश्न नव्हता, हब-ड्रमही हिशोबात येत. पण चाक उतरवून दुसऱ्या स्टडवर फिरवून चढवलं की ती मेहनत वाया. शहाणे मिस्त्री म्हणून डिस्क आणि स्टडवर खूण करून ठेवत.

नंतर चाक उतरवून यंत्राच्या शाफ्टवर चढवण्याची रीत आली आणि मध्याचा जुना प्रश्न परत उभा राहिला. हबवर बसणाऱ्या चाकाला शाफ्टवर चढवलेल्या शंकूने मधलं भोक धरणं योग्य. चाक लिफ्टने तोलून धरावं आणि आवळताना फिरवत राहावं, नाहीतर १०० किलो एका अंगाला लोंबतात. नटांवर बसणाऱ्या चाकाला मात्र तोच शंकू वापरला, तर यंत्र ज्या मध्याभोवती मोजतं तो गाडीवर कधी येतच नाही. अशा चाकाला स्टडच्या भोकांतून धरणारी, शंकूच्या बोल्टांची वेगळी प्लेट लागते.

आपल्याकडे हा विषय उशिरा आला. १९५४ साली टाटांनी डाइम्लर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, वर्षभरात अशोक लेलँडही रांगेत आलं. पण पुढची कित्येक दशकं गाड्या चाळिशीने धावत, त्याही ट्यूब, फ्लॅप आणि लॉक रिंगच्या २० इंची रिमवर. २००२मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला, मागोमाग रेडियल आणि ट्यूबलेस टायर वाढले, तेव्हा थरथर जाणवू लागली. यंत्रं दुकानात आली, पण वेगवेगळ्या बांधणीच्या प्लेटा घ्यायला खर्च येतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी एकाच शंकूवर भागवलं जातं. तपासायला फुकटचा उपाय आहे. शून्य आल्यावर चाक सैल करून शाफ्टवर अर्धा वळसा फिरवा, पुन्हा आवळा आणि पुन्हा मोजा. आता पन्नास-शंभर ग्रॅम दिसले, तर वजन ठोकण्याआधी शंकू किंवा प्लेट बदलायला सांगा.