मुद्रक ओळखसंकेत

अनेक रंगीत लेसर मुद्रक (प्रिंटर) व प्रतिमुद्रक (कॉपिअर) यांच्या फर्मवेअरमार्फत (यंत्रातच बसवलेल्या आज्ञावलीमार्फत) पानावर उमटणारा, नुसत्या डोळ्यांना सहसा न दिसणारा पिवळ्या ठिपक्यांचा संकेत. यंत्राचा अनुक्रमांक आणि बहुधा छपाईची तारीख-वेळ त्यात असते. हे अंकीय (डिजिटल) जलचिन्हच, म्हणजे पानात लपवलेली ओळखखूण. मात्र ते मूळ फाइलमध्ये नसते, छपाईच्या वेळी यंत्र ते स्वतःच उमटवते. बनावट नोटांचा माग काढणे हा त्याचा मूळ हेतू.

संकेताच्या उगमाविषयी मतभेद आहेत. झेरॉक्स कंपनीतील संशोधक पीटर क्रीन यांनी २००४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार कंपनीने हे तंत्र सुमारे वीस वर्षांपूर्वी विकसित केले. रंगीत यंत्रांवर नोटा छापल्या जातील, ही धास्ती दूर करणे त्यामागे होते. त्यावरून १९८० च्या दशकाचा मध्य हा काळ सर्रास दिला जातो. तथापि हा पुरावा बऱ्याच काळानंतरच्या आठवणीचा आहे. झेरॉक्सचा पहिला रंगीत प्रतिमुद्रक १९७३ चा असला, तरी तो अंकीय नव्हता. ठिपके मिसळण्यासाठी प्रतिमा आधी अंकीय रूपात यावी लागते. कॅननचा अंकीय रंगीत लेसर प्रतिमुद्रक १९८७ च्या सुमारास बाजारात आला. तेव्हा संशोधन दशकाच्या मध्यात आणि प्रत्यक्ष वापर त्यानंतर, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नेदरलँड्समध्ये रेल्वेची बनावट तिकिटे छापणाऱ्यांच्या तपासात संकेताचा उपयोग झाल्याचे वृत्त २००४ मध्ये आले.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २००५ मध्ये झेरॉक्सच्या डॉक्युकलर मालिकेतील संकेत उलगडला. निळ्या प्रकाशात भिंगाखाली ठिपके काळसर दिसतात. १५ स्तंभ व ८ ओळींची जाळी पानभर पुन्हापुन्हा येते. सर्वांत वरची ओळ पडताळणीची, म्हणजे वाचनातील चूक लक्षात यावी यासाठी. तिच्याखालील ओळींची मूल्ये ६४, ३२, १६, ८, ४, २, १. प्रत्येक स्तंभातील ठिपक्यांची संख्या विषम ठेवलेली असते. उदा., मिनिटांच्या स्तंभात ३२, १६ व २ या ओळींत ठिपके असल्यास ५० मिनिटे. ठिपके तीनच असल्याने वरची जागा रिकामी. मिनिटे ४८ असती, तर ठिपके दोन (३२ व १६) झाले असते आणि वर तिसरा द्यावा लागला असता. अनुक्रमांक चार स्तंभांत, प्रत्येकी दोन अंक याप्रमाणे असतो.

संकेतातून यंत्र कळते, माणूस नव्हे; विक्रीची नोंद किंवा कार्यालयातील छपाईची नोंद जुळवावीच लागते. वेळही यंत्राच्या घड्याळाइतकीच खरी. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा एक गोपनीय अहवाल २०१७ मध्ये फुटला, तेव्हा प्रसिद्ध झालेल्या प्रतीवरील ठिपक्यांतून ९ मे २०१७ ही तारीख वाचता आली. आरोपी त्यावरूनच सापडली, असे लोकप्रिय लेखनात म्हटले जाते. पण तपास यंत्रणेच्या प्रतिज्ञापत्रात अहवाल छापणाऱ्या सहा जणांच्या संगणकीय नोंदींचा आधार दिला आहे, आणि तोच ग्राह्य धरणे इष्ट. हा संकेत खाजगीपणाच्या हक्काचा भंग ठरू शकतो, असे मत युरोपीय आयोगाचे तत्कालीन सदस्य फ्रांको फ्रात्तिनी यांनी २००८ मध्ये नोंदविले.

नोटांवरील यूरिऑन वर्तुळे, म्हणजे ठरावीक रचनेतील लहान वर्तुळे (संगणकशास्त्रज्ञ मार्कुस कून यांनी २००२ मध्ये ओळखलेली), याहून वेगळी. ती पाहून यंत्र प्रत काढण्याचेच नाकारते. ड्रेस्डेन तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये ठिपक्यांच्या चार रचना नोंदवल्या आणि पानावर जादा ठिपके मिसळून मूळ संकेत वाचता येऊ नये अशी सोय असलेली आज्ञावली खुली केली.