पाकिटावरचा विंचू

सिगारेट-विडीच्या पाकिटाचा ८५ टक्के दर्शनी भाग आज इशाऱ्याच्या चित्राने आणि मजकुराने व्यापलेला असतो. २००३ साली तंबाखू नियंत्रणाचा कायदा झाला, पण एवढा मोठा इशारा पाकिटावर यायला २०१६ उजाडले. मधली वर्षे तंबाखू उद्योगाने कशी काढली, हीच या चित्राची पार्श्वभूमी.

१९७५च्या कायद्याने फक्त सिगारेटवर एक ओळ छापायला लावली होती. विडी आणि खायचा तंबाखू मोकळाच राहिला. २००३च्या कायद्याने सगळ्यांना एका दावणीला बांधले आणि २००६ मध्ये चित्रांचे नियम निघाले. मग तारखा पुढे सरकत गेल्या. कवटीचे चिन्ह गळाले, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा अर्धा भाग ठरला होता तो दर्शनी बाजूच्या ४० टक्क्यांवर आला. अखेर ३१ मे २००९ला चित्रे आली, तर तंबाखूच्या पुडीवर चक्क विंचू! तो पाहून तोंडाचा कर्करोग कुणाला आठवणार होता?

ऑक्टोबर २०१४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने ८५ टक्क्यांची अधिसूचना काढली. ती १ एप्रिल २०१५ला लागू होणार, तोच सरकारने केलेले नियम तपासणाऱ्या लोकसभेच्या अधीनस्थ विधान समितीने थांबायला सांगितले. अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, सगळे संशोधन परदेशातले, असे ते म्हणाले. अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता याच समितीत होते, आणि त्यांचा स्वतःचा विडीचा व्यवसाय होता. आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने जाऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता.

भारतीय अभ्यास तर साठ वर्षे जुना होता. परळच्या टाटा रुग्णालयातल्या रुग्णांवरून डॉ. वसंत खानोलकर आणि सहकाऱ्यांनी धूम्रपान, तंबाखू चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध १९५५ सालीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला होता. ‘अजून संशोधन हवे’ हा अमेरिकी सिगारेट कंपन्यांचा १९५४ पासूनचा पवित्रा. आपल्याकडे तो खासदारांच्या तोंडून आला, एवढाच फरक.

दुसरी ढाल शेतकरी आणि विडी कामगारांची. त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, पण त्यांच्या नावाने बोलणारे वेगळेच असतात. १९८१ मध्ये निपाणीचा तंबाखू उत्पादक शरद जोशींबरोबर रस्त्यावर उतरला तो भावासाठी. आणि भाव पाडणारे होते तंबाखूचेच व्यापारी. त्या आंदोलनात शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या.

सरकारचेही हात अडकलेले. आयटीसी या बड्या सिगारेट कंपनीत सरकारी आयुर्विमा महामंडळाचा मोठा हिस्सा आहे.

राजस्थान उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर १ एप्रिल २०१६ ही तारीख ठरली. समितीने तोवर ५० टक्क्यांची शिफारस केलीच होती. मोठ्या सिगारेट कंपन्यांनी काही काळ उत्पादन बंद ठेवले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम पाळायला सांगितले, डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या स्थगितीमुळे ८५ टक्के टिकले.