बायोमास वीज प्रकल्पाचा कन्सेंट: फाईल नेमकी कुठे अडते

पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या), तुराट्या (तुरीच्या काड्या) किंवा धानाचं तूस जाळून वीज करायची म्हणजे प्रदूषणाचा प्रश्नच येत नाही, या समजुतीने विदर्भातले राईस मिलवाले आणि शेतकरी उत्पादक कंपन्या अर्ज भरायला बसतात. ‘इंधन नवीकरणीय, सबब लागू नाही’ असं रकान्यामागून रकान्यात लिहितात आणि मग क्वेरी, म्हणजे मंडळाची शंका, लागून फाईल परत येते. सौर पॅनेलला धुराडं नसतं. तुमच्याकडे बॉयलर आहे, चिमणी आहे, राख निघणार आहे आणि पाणी लागणार आहे. इंधन शेतातून आलं की खाणीतून, याने जल अधिनियम १९७४ आणि हवा अधिनियम १९८१ यांना फरक पडत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कन्सेंट, म्हणजे संमतीपत्र, लागतंच.

आधी पर्यावरण मंजुरीचं, म्हणजे लोक ज्याला ईसी म्हणतात त्याचं बघू. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, अधिसूचनेत आणि तिच्या दुरुस्त्यांमध्ये १५ मेगावॅटपर्यंतच्या बायोमास प्रकल्पांना सूट आहे. त्यामुळे बहुतेक लहान अर्जदार सुटतात. पण सूट सशर्त आहे: कोळसा, लिग्नाइट किंवा तेलासारखं पूरक इंधन १५ टक्क्यांपर्यंतच. अर्जात ‘पावसाळ्यात गरजेनुसार कोळसा’ असं मोघम लिहिलेलं मी अनेकदा पाहिलंय. ‘गरजेनुसार’ म्हणजे किती, हे कुणालाच सांगता येत नाही आणि त्या एका शब्दावर सूटच वादात पडते. कोळसा वापरणारच असाल तर वर्षाचे टन लिहा आणि सोबत उष्णतेचा हिशेबही द्या, कारण टनामागे कोळशाची उष्णता बहुधा जास्त भरते. वापरणार नसाल तर ‘शून्य’ लिहा आणि शब्दाला जागा. साखर कारखान्याला जोडलेली सहवीज, म्हणजे साखरेबरोबर तयार होणारी वीज, असेल तर कारखान्याची गाळप क्षमताही मोजली जाते. दिवसाला ५,००० टन आणि त्यावरच्या गाळपाला ईसी लागते, तेव्हा नुसता टर्बाइन बघून निर्णय करू नका.

कन्सेंट दोन टप्प्यांत मिळतो. बांधकामाआधी कन्सेंट टू एस्टॅब्लिश, चालू करण्याआधी कन्सेंट टू ऑपरेट. पहिला हातात नसताना पाया खोदू नका. बँकेचं कर्ज मंजूर झालं, कंत्राटदार दारात उभा आहे, ही कारणं तपासणीच्या दिवशी कुणी ऐकत नाही. सात-बारा किंवा भाडेकरार, जागेचा नकाशा, कंपनीची नोंदणी, प्रक्रियेचा आराखडा हे मंडळाच्या पोर्टलवर नेहमीप्रमाणे चढवायचं. बॉयलरची नोंदणी बाष्पके संचालनालयाकडे, वीजजोडणी महावितरणकडे, प्रकल्पाची नोंद महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडे; या सगळ्या वेगळ्या फाईली आहेत, त्यातली एक झाली म्हणून दुसरी होत नाही.

अडतं ते पुढच्या चार ठिकाणी.

सगळ्यात जास्त रडवतो तो इंधनाचा, म्हणजे इंधन कुठून आणि किती येणार हे दाखवणारा, कागद. ‘परिसरात मुबलक उपलब्ध’ हे उत्तर चालत नाही, आणि चालू नये असंच माझंही मत आहे. साधा हिशेब करून बघा. विजेच्या एका युनिटला सव्वा ते दीड किलो बायोमास लागतो. १ मेगावॅटचा संच वर्षात ७,००० तास चालला तर सव्वा किलोच धरला तरी साधारण ९,००० टन लागतील. कोरडवाहू कपाशीची पऱ्हाटी हेक्टरी दोनेक टन धरली तर ४,५०० हेक्टरवरची काडी न् काडी तुमच्याकडे यायला हवी. तशी ती येत नाही. काही चुलीला जाते, काही कुंपणाला, काही रोटाव्हेटरखाली. तिसरा हिस्सा मिळेल असं धरलं तर साडेतेरा हजार हेक्टरांचं जाळं उभं करावं लागेल. काडी कमी पडली की मालक कोळशाकडे नाहीतर झाडांच्या लाकडाकडे वळतो. म्हणून हा कागद नुसता व्यवहाराचा नाही, पर्यावरणाचाही आहे.

त्याचा ठरलेला नमुना मला कुठे सापडलेला नाही, आणि अर्जदाराला नमुना न देता कागद मागणं हा अन्याय आहे. तोवर हे जोडा: सभासद शेतकऱ्यांची पीकनिहाय क्षेत्राची यादी, गोळा करणाऱ्या दोन-तीन कंत्राटदारांची लेखी हमी, तालुका कृषी कार्यालयाकडची कपाशीच्या क्षेत्राची आकडेवारी, आणि साठवण यार्डाचा नकाशा. पऱ्हाटी उन्हाळ्याच्या तोंडाला निघते, ती पावसाळाभर पुरवायची आहे. गंजीत ओल राहिली की ती आतून तापते आणि पेटते, म्हणून दोन गंजींमधलं अंतर आणि पाण्याची सोय नकाशात दाखवा.

इंधनाच्या यादीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ते जनावरांचं आहे, नाहीतर मातीचं. शिवाय अशा भुश्या-कुटारातलं पोटॅश आणि क्लोरीन बॉयलरच्या नळ्यांवर खंगर, म्हणजे राखेचा कडक थर, धरतं. पऱ्हाटीची गोष्ट वेगळी. ती शेतातून वेळेवर हलली तर गुलाबी बोंडअळीला लपायला जागा राहत नाही, आणि बांधावर पेटवली जाण्याऐवजी फिल्टर लावलेल्या बॉयलरमध्ये जळते. हा फायदा अर्जात जरूर लिहा. फर्निचरच्या भंगारातलं प्लायवूड मात्र बायोमास नव्हे. त्यात डिंक आणि रंग असतात.

दुसरी अडचण राखेची. धानाच्या तुसाच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा राख होते. ९,००० टन तुसाची १,८०० टन राख, तीही इतकी हलकी की वाऱ्याबरोबर शेजारच्या भाजीच्या वाफ्यात जाते. तिच्यात बहुतांश सिलिका असते आणि भट्टी फार तापली तर ती स्फटिकरूप होते. असली धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात जाणं मजुरांसाठी घातक आहे. अर्जात ‘वीटभट्टीला देऊ’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणत्या भट्टीला, किती टन, तिचं पत्र कुठे आहे? ते पत्र जोडा. झाकलेली सायलो, म्हणजे राख साठवायची टाकी, आणि पाणी मारून भरलेली ट्रॉली आराखड्यात दाखवा. पऱ्हाटीची राख शेतात परत जाऊ शकते, तिच्यात पोटॅश असतं. पण घेणाऱ्या शेतकऱ्यांची नावं हवीत.

चिमणीच्या उंचीचं कोष्टकही इथेच चुकतं. उंचीची दोन सूत्रं आहेत, एक गंधकाच्या धुरावर आणि दुसरं धूलिकणांवर. जी उंची जास्त येईल ती धरायची. ‘बायोमासमध्ये गंधक नाही’ म्हणून तिथे शून्य घालू नका. थोडं असतं. इंधनाचा प्रयोगशाळेचा अहवाल जोडा आणि त्यातला आकडा वापरा.

तिसरा कागद सीए सर्टिफिकेटचा. कन्सेंटची फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते. ही गुंतवणूक म्हणजे जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री यांची घसारा वजा न करता केलेली बेरीज. सीए सवयीने ताळेबंदातला घसारा वजा केलेला आकडा देतात किंवा जमीन वगळतात. मग फी कमी भरली जाते आणि फाईल थांबते. सीएला गुंतवणुकीची ही व्याख्या लिहूनच द्या.

चौथी गोष्ट मुदतीची, आणि ती वाचताना भल्याभल्यांची चूक होते. जल अधिनियमाच्या कलम २५ नुसार चार महिन्यांत मंडळाने निर्णय दिला नाही तर संमती मिळाली असं मानलं जातं. हे ऐकून एका राईस मिलवाल्याने, अर्ज चढवल्यापासून चार महिने मोजून, बॉयलर पेटवला. त्याचा बॉयलर बंद करायला लागला आणि हंगामातलं तूस तसंच भिजलं. चार महिने मोजायचे ते सर्व बाबतीत परिपूर्ण अर्ज पोहोचल्यापासून. क्वेरी अनुत्तरित असेल तर तुमचं घड्याळ सुरूच झालेलं नाही. शिवाय हवा अधिनियमाच्या कलम २१ मध्ये चार महिन्यांत निर्णय द्यावा असं आहे, पण आपोआप संमतीचं वाक्य तिथे नाही. आणि तुमचा मुख्य विषय तर धूरच आहे! म्हणून पोर्टल दर आठवड्याला उघडा. क्वेरी कित्येकदा सल्लागाराच्या ईमेलवर जाते आणि तो दुसऱ्या कामात असतो. अर्जात स्वतःचा मोबाईल आणि ईमेल घाला.

कन्सेंट टू एस्टॅब्लिश साधारणपणे प्रकल्प सुरू होईपर्यंत किंवा पाच वर्षं, यांपैकी जे आधी येईल तोवर असतो. टर्बाइन उशिरा आला तर मुदत संपण्याआधी वाढ मागा.

आणि नाकारलंच तर? हवा अधिनियमानुसार दिलेली संमती रद्द करण्याआधी किंवा पुढची संमती नाकारण्याआधी म्हणणं मांडायची संधी देणं मंडळाला बंधनकारक आहे. सुनावणी मिळाली तर त्या दिवशी स्वतः जा, राखेचं पत्र आणि इंधनाची यादी घेऊन. तरी आदेश विरोधात गेला तर तो कळवल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. आदेश ज्या दिवशी हाती आला त्या दिवसाचा पुरावा, म्हणजे पाकीट असो की ईमेल, जपून ठेवा.